डेल्टिक: रिटायर होऊन परत कामाला लागलेलं लोको

घाटातला_बँकर

मंडळी, हा धागा काढू का नको करत दोन वर्षं गेली. रेल्वेचे धागे इथे फार चालत नाहीत, आणि चाललेच तर तिसऱ्या प्रतिसादाला लोकलच्या गर्दीवर घसरतात. पण परवा जुना फोन रिकामा करताना एक चार मिनिटांचं रेकॉर्डिंग सापडलं, ते लावलं तर बायको आतून ओरडली, "मिक्सर कशाला लावलायस या वेळी?" मिक्सर नव्हता, डेल्टिक होतं. म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवतो. आपण अख्ख्या गाडीच्या पुढच्या यंत्रालाही इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या डिझेल इंजिनालाही इंजिनच म्हणतो. इथे पोटात एक सोडून दोन इंजिनं आहेत त्यामुळे फारच गोंधळ होईल, म्हणून बाहेरच्याला लोको आणि आतल्याला इंजिन.

तर हे लोको म्हणजे ब्रिटनमधलं, डेल्टिक जातीचं डी९०००, नाव 'रॉयल स्कॉट्स ग्रे', पुढे नंबर बदलून ५५०२२ झालं (कॉम्प्युटरच्या नव्या नंबरपद्धतीत ५५००० असा नंबर बसत नव्हता, म्हणून पहिल्याला शेवटचा नंबर मिळाला!). जन्म १९६१, न्यूटन-ले-विलोजच्या वल्कन फाउंड्रीत. अशी एकूण २२ बनली. लंडन किंग्ज क्रॉस ते एडिंबरा ही ३९३ मैलांची मेन लाइन, तिथे वाफेची ५५ इंजिनं जे काम करत होती ते या २२ जणांनी उचललं. खरं तर त्या लाइनवर तेव्हा वीज यायची होती, पण ती काही येईना (आली ती थेट १९९१ ला), मग तिथले एक अधिकारी जेरार्ड फाइन्स, त्यांनी हट्टच धरला की मला विजेच्या तोडीचं डिझेल द्या, ताशी १०० मैल पळणारं. आणि १९६२ च्या उन्हाळ्यापासून फ्लाइंग स्कॉट्समन सहा तासांत एडिंबराला पोचायला लागली. ६३२ किलोमीटर, सहा तास, १९६२ साल. आपलं मुंबई-नागपूर ८३७ आहे, करा हिशोब.

ताकद ३३०० हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम १०० टन. त्याच काळातलं त्याच कंपनीचं क्लास ४० घ्या, १३३ टन वजन आणि २००० हॉर्सपॉवर. म्हणजे पैलवान आणि पोट सुटलेला पैलवान. ही जादू नेपियर कंपनीच्या त्या तिकोनी इंजिनाची, त्यावर कुणी विचारलं तर खाली लिहीन, नाहीतर इथेच धागा झोपेल.

वीस वर्षं हे लोको मरमर राबलं. सकाळी लंडन सोडायचं, दुपारी एडिंबरा, रात्री स्लीपरचे डबे घेऊन परत, असलं चक्र. पहिली बरीच वर्षं मुक्काम एडिंबराच्या हेमार्केट शेडला, शेवटची यॉर्कला. मग १९७८ ला त्या लाइनवर एचएसटी (हाय स्पीड ट्रेन) आल्या, ताशी १२५ मैलांच्या, आणि डेल्टिकच्या हातातून एकेक चांगली गाडी जायला लागली. शेवटी शेवटी यॉर्क-लिव्हरपूल, पार्सल, वर्तमानपत्रांच्या गाड्या, जे मिळेल ते. ऑफिसात नवीन लोक आल्यावर जुन्या माणसाला जी कामं देतात तीच. २ जानेवारी १९८२ ला निरोपाची गाडी निघाली, जाताना 'टुल्यार' नावाचं दुसरं डेल्टिक आणि परत येताना आपलं रॉयल स्कॉट्स ग्रे. किंग्ज क्रॉसला त्या रात्री एवढी गर्दी होती की म्हणे लोक खांबांवर चढले होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बावीसपैकी सोळा भंगारात गेलीच, डॉनकास्टरला, जिथे त्यांचं वर्षानुवर्षं ओव्हरहॉल होत होतं तिथेच तोडली. सहा वाचली. आपलं खाजगी लोकांनी विकत घेतलं, आधी नेन व्हॅली नावाच्या छोट्या लाइनवर राहिलं, आणि ३० नोव्हेंबर १९९६ ला सगळी तपासणी पार करून परत मेन लाइनवर धावलं. पुढे तर उन्हाळ्यातल्या शनिवारी बर्मिंगहॅम-रॅम्सगेट ही साधी पॅसेंजरांची गाडी ओढायला व्हर्जिन या रेल्वे कंपनीने ते भाड्याने घेतलं. लोक बीचवर जायला बॅगा घेऊन स्टेशनात आले आणि पुढे बघतात तर हे.

आता माझी भेट. मी तेव्हा मँचेस्टरजवळ होतो कामासाठी. तिथून ट्रामने बरी नावाचं गाव (हो, 'बरी'. विनोद सगळे करून झालेत). तिथे ईस्ट लँकशायर रेल्वे आहे, हेवूड ते रॉटनस्टॉल साधारण १२ मैलांची लाइन, सरकारने सोडून दिलेली आणि स्वयंसेवकांनी परत उभी केलेली. वर्षातून काही वेळा डिझेल गाला असतो. जुलैचा शनिवार होता पण हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी. मी गेलो होतो नुसता टाइमपास म्हणून, हातात चहाचा कागदी कप.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला ते निळं धूड उभं होतं. आधी काहीच नाही, नुसती टकटक, मग बॅटरीवर फिरण्याचा घुंर्र आवाज, आणि छतातून भस्सकन पांढरा धूर. साधासुधा धूर नाही हो, अख्खा प्लॅटफॉर्म गायब. माझ्या शेजारचे एक आजोबा, गळ्यात दुर्बीण, खिशात वही, ते खोकतायत आणि खोकता खोकता हसतायत. मग दुसरं इंजिन सुरू झालं आणि दोघांचा मिळून तो आवाज लागला. कसा सांगू. भ्रामरी प्राणायाम करणारे दोनशे लोक एका हॉलमध्ये बसवा, सगळ्यांचा सूर एक. माझ्या कपातल्या चहावर गोल गोल वलयं उठत होती, मी कप कठड्यावर ठेवला तरी उठत होती.

डब्यात बसलो, खिडकीची काच खाली करून डोकं बाहेर. लाइनवर ताशी २५ मैलांच्या वर जायची परवानगी नाही, पण सुटताना ड्रायव्हरने जो काय हँडल ओढला तो आवाज रॅम्सबॉटमपर्यंत छातीत होता. घरी येऊन बघतो तर चष्म्यावर तेलाचे बारीक काळे ठिपके, आणि शर्टाची कॉलर कामातून गेलेली. तो शर्ट मी अजून टाकला नाहीये.

आजोबांच्या वहीत आतापर्यंत प्रत्येक डेल्टिकच्या मागे बसून किती मैल झाले याचा हिशोब होता. प्रत्येक लोकोचं वेगळं पान. रॉयल स्कॉट्स ग्रेच्या पानावर त्यांनी त्या दिवसाचे आठ मैल माझ्यासमोर पेन्सिलीने मांडले.

पण मला खरी आवडलेली गोष्ट वेगळीच आहे आणि त्यासाठीच हा धागा. २०११ मध्ये जीबी रेलफ्रेट या मालगाडीवाल्या कंपनीला लोको कमी पडत होते, त्यांनी पन्नास वर्षांचं हे डेल्टिक भाड्याने घेतलं आणि नॉर्थम्बरलंडमध्ये नॉर्थ ब्लाइथ बंदरापासून लाइनमथच्या ॲल्युमिनियम कारखान्यापर्यंत ॲल्युमिना ओढायला लावलं. पाटी नाही, बँड नाही, व्हीआयपी नाही. पांढरी पावडर भरलेले वॅगन, आणले, रिकामे केले, परत नेले. निरोपाच्या गाडीपेक्षा मला हे भारी वाटतं. कुणी तरी त्याला पगारावर ठेवलं.

---

आजोळ_नेरळ

मस्त! वाखूसा (वाचनखूण साठवली). मिक्सरवाल्या वहिनींना नमस्कार सांगा. तिकोनी इंजिन म्हणजे काय ते लिहाच, धागा झोपणार नाही, मी जागी आहे.

---

स्पष्ट_बोलतो

लिहिलंय छान. पण एक सांगा, जुनं डिझेल जाळून, पांढरा धूर लोकांच्या नाकात घालून नक्की काय जपलं? आपल्याकडे लोकांना दारात लटकून मरावं लागतंय आणि तिकडे हौसेसाठी शंभर टनाचं लोको पळवतायत. गोऱ्यांनी केलं की वारसा.

---

घाटातला_बँकर

@स्पष्ट_बोलतो, आला का लोकलचा मुद्दा, तोही दुसऱ्याच प्रतिसादाला :) अहो यात सरकारचा पैसा नाहीये. डेल्टिक प्रिझर्वेशन सोसायटी १९७७ ला निघाली, म्हणजे लोको अजून कामावर होते तेव्हाच लोकांनी वर्गणी गोळा करायला घेतली. १९८२ ला त्यांनी दोन विकत घेतली, पुढे टुल्यारही त्यांच्याकडे आलं. शनिवार-रविवारी येऊन हात काळे करणारे लोक आहेत, कुणी मास्तर, कुणी बँकेतला. धुराचं मात्र मान्य, तिथे समर्थन नाही माझं.

@आजोळ_नेरळ, घ्या. समोसा समोर धरा. तीन कोपऱ्यांवर तीन क्रँकशाफ्ट. समोशाच्या तीन कडा म्हणजे सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, तोंडाला तोंड लावून. मधे डिझेल पेटलं की दोघं एकमेकांपासून लांब ढकलले जातात आणि आपापल्या कोपऱ्यातला क्रँक फिरवतात. सिलिंडरला झाकण नाही, व्हॉल्व्ह नाहीत, भिंतीतल्या भोकांमधूनच हवा आत आणि धूर बाहेर, टू-स्ट्रोक. असे सहा समोसे एकामागे एक लावले की एक इंजिन झालं, १६५० हॉर्सपॉवर. ग्रीक अक्षर डेल्टा त्रिकोणी असतं म्हणून डेल्टिक. एका इंजिनात ३६ सिलिंडर.

मुळात हे नौदलासाठी बनवलं होतं, जलद गस्ती बोटींना हलकं आणि ताकदवान डिझेल हवं होतं म्हणून. एक गंमत म्हणजे बरेच दिवस हे गणित जमतच नव्हतं, तिन्ही क्रँक एका दिशेने फिरवले की पिस्टनांची वेळ चुकायची. शेवटी हर्बर्ट पेनवॉर्डन नावाच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या एका ड्राफ्ट्समनने सुचवलं की एक क्रँक उलटा फिरवून बघा. झालं काम! मोठमोठे इंजिनिअर बसलेत आणि उत्तर ड्रॉइंग काढणाऱ्याने दिलं.

---

शेडमास्तर

बँकरराव, एक दुरुस्ती. ३६ सिलिंडर नव्हेत, १८. तीन कडा गुणिले सहा, १८. पिस्टन ३६. दोन इंजिनं मिळून लोकोत ३६ सिलिंडर आणि ७२ पिस्टन होतात, तिथे तुमची गल्लत झाली असावी.

मी डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं काढली, सगळी अल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनच्या लोकोंवर. डब्ल्यूडीएम-२, सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, वजन ११३ टनाच्या आसपास. आमचं इंजिन संथ आणि दणकट, दहा वेळा चुका करा सांभाळून घेतं. हे तुमचं डेल्टिक १५०० आरपीएमवर फिरणारं, एवढे गिअर, एवढे पिस्टन, मला वाचतानाच घाम आला. एखादा पिस्टन धरला तर शेडमध्ये उघडून बघायची सोय काय होती? आम्ही हेड काढा, पिस्टन-लायनर बदला, संध्याकाळपर्यंत लोको लाइनवर, असं करायचो.

---

घाटातला_बँकर

शेडमास्तर काका, कान पकडले, १८ च. वर एडिट करत नाही, राहू दे पुरावा.

तुमचा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. शेडमध्ये उघडतच नव्हते. अख्खं इंजिन छतातून क्रेनने बाहेर काढायचं, दुरुस्त केलेलं दुसरं खाली सोडायचं, लोको परत कामावर, आणि बिघडलेलं निवांत वर्कशॉपला. आपण गॅसचा सिलिंडर बदलतो तसं. आणि दोन इंजिनं असल्यामुळे एक वाटेत मेलं तरी दुसऱ्यावर रडतखडत का होईना गाडी घरी यायची, प्रवाशांना कळायचंसुद्धा नाही, नुसता उशीर.

अडचण आली ती प्रिझर्वेशनमध्ये. बदली इंजिन आणायचं कुठून? नवं कुणी बनवत नाही. मग या लोकांनी नौदलाच्या भंगारात शोध घेतला. नॉर्वेच्या नौदलाच्या मोडीत काढलेल्या जलद बोटींमधली डेल्टिक इंजिनं मिळाली, ती मुळात बोटीची, ती रेल्वेला बसतील अशी बदलून घेतली. लहानपणी आमच्याकडे पंप बिघडला की माझे काका जुन्या बाजारातून दुसऱ्याच कसल्या तरी मोटरचे पार्ट आणून बसवायचे, त्याचीच मोठी आवृत्ती.

---

टिंबटिंब

अवांतर: न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाकडे १९६५ मध्ये 'सुपर पंपर' नावाचा एक राक्षसी बंब होता, त्याच्या पंपाला हेच नेपियर डेल्टिक लावलं होतं. म्हणजे बोट, रेल्वे आणि बंब, तिन्हीकडे नोकरी केली म्हणायची.

---

अनाहूत_पाहुणी

मला लोकोतलं काही कळत नाही पण नावं फार गोड आहेत. टुल्यार काय, रॉयल स्कॉट्स ग्रे काय. कोण ठेवतं ही?

---

घाटातला_बँकर

शेडप्रमाणे ठरायचं. एडिंबरा आणि गेट्सहेडच्या लोकोंना पलटणींची नावं. रॉयल स्कॉट्स ग्रेज हे घोडदळ, करड्या घोड्यांवरचं, वॉटर्लूला लढलेलं. लंडनच्या फिन्सबरी पार्क शेडच्या आठ लोकोंना मात्र रेसच्या घोड्यांची नावं दिली. पिन्झा, क्रेपेलो, मेल्ड, निंबस, सेंट पॅडी, बॅलीमॉस, अ‍ॅलिसिडॉन आणि टुल्यार. ही त्या लाइनची जुनी पद्धत, वाफेच्या काळापासूनची.

आणि आता पुणेकरांनी कान टवकारा. टुल्यार हा १९५२ ची डर्बी जिंकलेला घोडा, त्याचे मालक होते आगाखान तिसरे. होय, तेच, नगर रोडच्या आगाखान पॅलेसवाले. त्यांच्या घोड्याचं नाव लावलेलं लोको अजून डर्बीशायरमध्ये जिवंत आहे.

---

अनाहूत_पाहुणी

काय सांगता! आमची शाळेची सहल गेली होती आगाखान पॅलेसला, मी डबा तिथेच विसरले होते.

---

कोळसेवाला

उशिरा आलो. बँकरशेठ, तुम्ही वल्कन फाउंड्रीचं नाव एका ओळीत उरकलंत, हा अन्याय आहे. अहो १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहेब, सिंध आणि सुलतान, ती तीन इंजिनं कुठली? जीआयपी रेल्वे कंपनीने वल्कन फाउंड्रीकडूनच आठ इंजिनं मागवली होती, त्यातली. म्हणजे भारतातली पहिली पॅसेंजर गाडी ओढणारी इंजिनं आणि तुमचं डेल्टिक यांचं माहेर एकच, मधे शंभर वर्षांचं अंतर.

तेवढंच नाही. आपला खेकडा! डब्ल्यूसीजी-१, घाटात बँकर म्हणून लागायचा, कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी. १९२८ च्या सुमारास आलेल्या त्या ४१ पैकी बहुतेक सगळे वल्कनचे, पहिले थोडे स्विस. उभा असताना कण्हायचा आणि चालताना त्याचे दांडे सळसळायचे, म्हणून खेकडा. माझ्या आजोबांचं घर खंडाळ्यात लाइनला लागून, ते म्हणायचे रात्री खेकडा कण्हला की समजायचं मालगाडी मागून ढकलायला उभा आहे. धागाकर्त्याने स्वतःचं नाव बँकर ठेवलंय आणि हेच विसरला!

---

घाटातला_बँकर

कोळसेवाले, साष्टांग. हे माझ्या डोक्यात होतं पण लेख लांबतोय म्हणून कापलं, ती चूकच. १९५४-५५ ला आलेली डब्ल्यूसीएम-१ पण तिथलीच, तीही आपल्या पुण्याच्या लाइनवर राबली. आज न्यूटन-ले-विलोजला कारखाना नाही. मी एकदा मुद्दाम उतरलो होतो त्या स्टेशनवर, म्हटलं खुणा सापडतात का बघू. पाऊस होता, एका दुकानात चिप्स घेतले, काउंटरवरच्या पोराला वल्कन म्हटलं तर त्याला फुटबॉलचा क्लब वाटला की काय कोण जाणे, हसला फक्त.

---

स्पष्ट_बोलतो

खेकड्याचं वाचून मऊ पडलो. वडिलांचा हात धरून वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला बघितला होता, उघड्यावर उभा. तेव्हा त्याच्यावर चढता यायचं का आठवत नाही पण मी चढलो होतो. आता माझा प्रश्न बदलतो. आपला खेकडा नुसता उभा, त्यांचं डेल्टिक पळतंय, हे आपल्याला का जमलं नाही?

---

शेडमास्तर

यावर मी थोडं बोलतो, राग मानू नये.

पळतं ठेवणं म्हणजे रंग मारणं नव्हे. पळणाऱ्या लोकोला ब्रेकची तपासणी लागते, चाकांची लागते, आणि त्याहून जास्त म्हणजे ते ओळखणारी माणसं लागतात. माझ्या हाताखाली एक फिटर होता, इंजिनाच्या अंगावर लोखंडी सळई टेकवायचा, दुसरं टोक कानाला, आणि सांगायचा अमुक नंबरचा इंजेक्टर गेला. रिटायर झाला, गावी गेला, शेती करतो. त्याच्याकडून ते कुणी लिहून घेतलं नाही. मीही घेतलं नाही, तेव्हा वाटलं रोजचंच आहे. एका शेडला आम्ही एक जुनं लोको चालू स्थितीत ठेवायचा प्रस्ताव दिला होता, फाइल फिरत राहिली, तोवर त्याच्या बॅटऱ्या दुसऱ्या लोकोला गेल्या, मग मोटारी गेल्या, मग उरलं ते बागेत चौथऱ्यावर चढवलं. दरवर्षी सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेला हार घालतात.

तरी पळणारंच सगळं चांगलं असं माझं मत नाही. पळवायचं म्हटलं की मूळ पार्ट झिजतात, बदलावे लागतात. पन्नास वर्षांनी त्यात मूळचं किती उरतं हाही प्रश्नच.

---

घाटातला_बँकर

काका, शेवटचा मुद्दा तिकडेही भांडणाचा विषय आहे, दोन तट आहेत सरळ. डेल्टिकचा पहिला प्रोटोटाइप, १९५५ चा, आकाशी निळा, अंगावर मोठ्ठ्या अक्षरात डेल्टिक लिहिलेला, तो पळत नाही, तो म्युझियमचा आहे आणि तसाच ठेवलाय. कारण तसा एकच आहे. उरलेल्या सहांपैकी डी९००२ नॅशनल रेल्वे म्युझियमच्या मालकीचं. मला वाटतं असंच हवं, एक जसंच्या तसं ठेवा आणि बाकीची झिजू द्या.

आणि सगळंच काही वाचत नाही. डेल्टिकची धाकटी भावंडं होती, 'बेबी डेल्टिक', दहा लोको, एकेकात एकच नऊ सिलिंडरवालं इंजिन, ११०० हॉर्सपॉवर. फार बिघडायची. दहाच्या दहा तोडली. आता काही लोकांनी एक वाचलेलं बेबी डेल्टिक इंजिन घेतलंय आणि एका जुन्या क्लास ३७ लोकोला कापून, आखूड करून त्यातून बेबी डेल्टिक परत बनवतायत, बॅरो हिलला. म्हणजे जपायला काही उरलंच नाही तर नवीन जुनं बनवा!

बॅरो हिल म्हणजे चेस्टरफील्डजवळचं १८७० चं गोल शेड, मधे टर्नटेबल, भोवती २४ रूळ. डेल्टिक सोसायटीचं स्वतःचं शेडही तिथेच आहे, २००३ पासून. तिथे गेलो तेव्हा एका डेल्टिकचं इंजिन बाहेर काढून स्टँडवर ठेवलेलं बघितलं. त्रिकोण खरंच दिसतो हो, पोटात हात घालता येईल एवढ्या जवळून. एक साठीच्या बाई ग्रीसने माखलेल्या हातांनी एकेक नट ट्रेमध्ये रांगेत लावत होत्या, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. मी मदत करू का विचारलं तर म्हणाल्या चहा टाक. टाकला.

---

आजोळ_नेरळ

हा फोटो काढला असतास तर!

बरं त्या ॲल्युमिनावाल्या नोकरीचं पुढे काय झालं? किती दिवस केली?

---

घाटातला_बँकर

तो लाइनमथचा कारखानाच २०१२ ला बंद पडला. म्हणजे पन्नाशीचं लोको टिकलं, कारखाना गेला. त्यानंतर ते बरीला, जिथे मला भेटलं. आता क्रूच्या एका कंपनीकडे आहे. हिशोब केला तर सरकारी नोकरी २१ वर्षं आणि त्यानंतरचं आयुष्य चाळीसच्या वर. पेन्शनरांचं असंच असतं म्हणा.

---

टिंबटिंब

रेकॉर्डिंग टाका ना राव. नुसतं मिक्सर मिक्सर काय.

---

घाटातला_बँकर

टाकलंय, खालच्या लिंकवर ऐका. वाऱ्याचा आवाज आहे सुरुवातीला, आणि मधे एक पोरगं रडतंय, ते माझं नाही. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर खालचा सूर येत नाही.

---

आजोळ_नेरळ

ऐकलं!! आमच्या मांजराने घर सोडलं.

---

अनाहूत_पाहुणी

हे मला गुरुवारच्या आरतीआधीच्या पेटीसारखं वाटलं, कुणीतरी सूर धरून ठेवलाय आणि गाणारा येतच नाहीये. छान आहे पण.

---

शेडमास्तर

नातवाने हेडफोन लावून दिले, तीनदा ऐकलं.

बँकरराव, तुम्ही लेखात लिहिलंय "मग दुसरं इंजिन सुरू झालं". तसं झालेलं नाही. पहिलं लागल्यावर साधारण एक मिनिट वीस सेकंदाला दुसरं नुसतं फिरलंय आणि सोडून दिलंय. परत एकदा फिरवलंय, तेव्हा आवाज आधीपेक्षा जड आहे, बॅटरी बसत चालली होती. तिसऱ्यांदा लागलंय, आणि लागल्यावर पहिले काही सेकंद सूर एक नाही. कुणीतरी आत गेलं होतं का मधे?

---

घाटातला_बँकर

काका, अंगावर काटा आला. हो. दुसरं दोनदा लागलं नाही, ड्रायव्हर खाली उतरला, बॉयलर सूट घातलेला एक जाडा माणूस बाजूच्या दारातून आत चढला, आणि प्लॅटफॉर्मवरचे सगळे एकदम गप्प झाले होते. मी ते विसरूनच गेलो होतो, लिहिताना नुसता धूर आणि चहाच आठवला.

---

शेडमास्तर

तो आत काय करून आला ते माहीत नाही. पण तिसऱ्यांदा फिरवायच्या आधी त्यांनी बराच वेळ थांबून बॅटरीला उसंत दिली, ते बरोबर केलं. आमच्याकडे नवीन पोरं घाई करायची.

तो आत चढला त्यावेळचं काही रेकॉर्डिंग आहे का? ते मधे कापलेलं वाटतंय.